जावई लई हळवे

सासुरवाडीला गेलेल्या जावयाने कशालाही हात लावू नये, ही आपल्याकडची जुनी आणि शहाणी रीत आहे. त्याने ओसरीवर लोडाला टेकून बसावं, पावसाबद्दल दोन शब्द बोलावेत, ‘नको नको’ म्हणत दोनदा चहा घ्यावा आणि ताट आलं की जेवावं. ही रीत जावयाच्या मानापानासाठी आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती घरातल्या बाकीच्यांच्या सोयीसाठी आहे हे मला २०१८ च्या जूनमध्ये कळलं.

माझी सासुरवाडी केदारखेडा. जालन्याहून भोकरदनला निघालं की वाटेत राजूरचा गणपती लागतो आणि तो मागे टाकून पुढे गेलं की पूर्णेच्या काठी हे गाव. राजूरला उतरून दर्शन घेतल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही, ही बायकोची अट. त्या दिवशी मी गणपतीकडे काय मागितलं ते आठवत नाही. जे मागायला हवं होतं ते मात्र नक्कीच मागितलं नव्हतं.

निमित्त धोंड्याच्या महिन्याचं होतं. त्या साली ज्येष्ठ अधिक आला होता, १६ मे ते १३ जून. अधिक महिना म्हटला की मराठवाड्यात लेकी-जावयांना धोंडे जेवायला बोलावणं येतं. कणकेच्या पारीत पुरण भरून केलेले धोंडे, तेहतीस अनारसे, तबकात दिवा, जावयाला कपडे आणि ऐपतीप्रमाणे चांदीचं काहीतरी. जावयाला नारायण मानून हे वाण द्यायचं असतं. वर्षभर आपल्याला कोणी साधा माणूसही मानत नाही, त्यामुळे एकदम नारायण झालं की डोक्यात वारं जातं. माझ्या गेलं.

ज्येष्ठ अधिक असला की आणखी एक योग जुळतो. भोकरदन तालुक्यात तोच उन्हाळी मिरचीच्या तोड्याचा हंगाम. जवळच्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार नावाजलेला, हंगामात तिथून राज्याबाहेर मिरचीच्या गाड्या भरून जातात. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या रानातही मल्चिंग पेपर अंथरून ठिबकवर मिरची लावलेली होती. शिमला, पिकॅडोर, बळीराम, तेजा फोर ही नावं त्या घरात पोराबाळांच्या नावांइतक्या सहज घेतात. जेवताना भाजीपेक्षा भावाची चर्चा जास्त. त्या चर्चेत मला वाव नव्हता. पुण्यात मी मिरची दहा रुपयांची घेतो, तीही कोथिंबिरीबरोबर फुकट मिळाली नाही तर.

तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर मी जाहीर केलं, “उद्या न्याहरीचा ठेचा मी करणार.”

पंगतीत शांतता पसरली. मामा म्हणाले, “कशाला पाव्हणे, घरात बाया हायेत की.”

हे एवढंच बोलले नसते तर मी कदाचित विसरून गेलो असतो. पण या वाक्यानंतर मला स्त्री-पुरुष समानतेवर थोडं बोलावं लागलं. थोडं म्हणजे लाईट जाईपर्यंत. अंधारात मेहुणा म्हणाला, “करू द्या दाजीला.” बायको काहीच बोलली नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईचं गप्प राहणं हा सल्ला असतो, पण तो अंधारात दिसत नाही.

सकाळी मामींनी चुलीपाशी पाट मांडून दिला. टोपलीत मिरच्या, सोललेला लसूण, शेंगदाणे, जिरं, जाडं मीठ, सगळं हाताशी. बाजूला गोड्या तेलाची वाटी. मी ती तव्यासाठी आहे असं समजून सरकवून ठेवली. मामी म्हणाल्या, “हाताला लावा आधी. तेजा हाय ती.”

इथे माझं शिक्षण आडवं आलं. मी मामींना समजावून सांगितलं, की मिरचीतला तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या पदार्थामुळे असतो. तो बियांमध्ये असतो असं लोक मानतात, पण ते चूक आहे. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तो तयार होतो आणि बियांना नुसता लागतो. तेव्हा ती शीर काढून टाकली की स्वाद तेवढा राहतो आणि तिखटपणा जातो. मामींनी हे सगळं डोक्यावरचा पदर न हलवता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं.”

मग मी टोपलीतली एकेक मिरची उभी चिरली आणि अंगठ्याचं नख आत घालून ती पांढरी शीर देठापासून टोकापर्यंत खरवडून काढली. चांगली मन लावून काढली. माझं ज्ञान तंतोतंत खरं होतं, हे इथे नोंदवलं पाहिजे. तिखट जिथे असतं ती जागा मी बिनचूक ओळखली होती आणि तिथेच नखं घातली होती. नखंही वाढलेली. निघायच्या गडबडीत कापायची राहून गेली होती.

पुढचा भाग छान झाला. मिरच्या तव्यावर पडल्या, खाट उठला, ओसरीवरून मामांचा ठसका ऐकू आला, मग मेहुण्याचा, मग गोठ्यातून गड्याचा. तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडून ठेचा तयार केला, वरून कच्चं तेल सोडलं. भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्ला. नव्वदीच्या आजेसासूबाईंनी बोटावर घेऊन चाटला, थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, “यात मिरची घालायची राह्यली का?”

मिरच्यांतलं तिखट गेलं कुठे हा प्रश्न त्या वेळी कोणालाच पडला नाही. मला तर नाहीच. कॅप्सेसिनची चाल अशी, की ते कातडीत मुरायला वेळ घेतं. हाताची कातडी जाड, जिभेसारखी तिथल्या तिथे बोंब मारत नाही. त्यामुळे अर्धा-पाऊण तास मी विजयी वीर होतो. “बघा, काही झालं नाही,” असं म्हणून मी मामींना दोन्ही पंजे दाखवले. त्यांनी पुन्हा “बरं” म्हटलं.

मग मी अंघोळीला गेलो.

बंबातलं पाणी कढत होतं. धोंड्याचं वाण घ्यायचं म्हणून मी साग्रसंगीत, उटणं लावून अंघोळ करायला बसलो. पहिला तांब्या हातावर पडला आणि अंगठ्याच्या नखाखाली कोणीतरी निखारा सारला. दोन तांबे होईतो दहाही बोटं पेटली होती. त्याच बोटांनी मी तोवर बाकीचं अंग चोळलं होतं. त्या तपशिलात मी शिरत नाही, मासिक घरातली सगळी मंडळी वाचतात. एवढंच सांगतो, की बाहेरून मेहुण्याने “दाजी, भजन म्हणताय का?” असं विचारलं.

इतकं झाल्यावर कोणीही थांबला असता. पण पाहुणे यायला लागले होते आणि मी चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावतो. नारायणाला चष्मा शोभत नाही असंही मनात आलं असेल. लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन डोळ्यावर ठेवायची असते. मी ठेवली. उजवी.

डावी ठेवायची वेळ आलीच नाही.

डोळा अंगणातल्या नळाखाली धरून लेन्स कशीबशी निघाली, ती फेकून द्यावी लागली. मिरची लागलेली लेन्स धुऊन पुन्हा घालायची नसते. हे मला पाकिटावर वाचावं लागलं नाही, डोळ्यानेच सांगितलं. भरपूर गार पाण्याने डोळा थंडावला. हात मात्र पेटलेलेच. आणि आता ही बातमी घराबाहेर गेली होती.

आपल्याकडे दुखणं झाकून ठेवतात ते लाजेपायी नव्हे, उपायांच्या भीतीने. मी ओसरीवर हात पसरून बसलो आणि गाव इलाज घेऊन येऊ लागलं. मेहुण्याने माठ पुढे केला. हात गार पाण्यात असेपर्यंत स्वर्ग, बाहेर काढले की पहिल्यापेक्षा जास्त आग. शेजारच्या काकूंनी गुळाचा खडा आणला. “चाटा.” मी म्हटलं, आग हाताला आहे. त्या म्हणाल्या, “मग हाताला लावा.” लावला. मुंग्या आल्या. कोणी लिंबू म्हणालं. नखांच्या कडेला मिरची खरवडताना झालेले बारीक ओरखडे होते, ते कुठे कुठे आहेत हे लिंबाने एकेक करून दाखवलं. मेहुण्याच्या शाळकरी मुलाने पुदिन्याची टूथपेस्ट आणली. तिने गार वाटलं, पण ती वाळेपर्यंतच. ताकाचं भांडं आलं, त्यात मात्र जरा बरं वाटलं. एकाने सुचवलं, की तालुक्याला नेऊन सुई देऊ. त्याला मी हात जोडले. जोडताना कळवळलो, ते त्याला भक्तिभावाचं वाटलं असावं.

मग आजेसासूबाई काठी टेकत आल्या. त्यांचा उपाय सगळ्यांत जुना. “मिरची झोंबली का हात केसात घासावं. केसातलं त्याल आग वढून घेतं.”

उपाय चांगला आहे, आणि आता मला त्यामागचं कारणही कळतं. पण त्याला केस लागतात. आजींना मोतीबिंदू होता आणि मी त्या दिवशी टोपी घातलेली होती, म्हणून त्यांना माझं डोकं माहीत नव्हतं. एवढ्या वयाच्या बाईचं मन मोडायचं कसं, असा विचार करून मी टोपी काढली आणि दोन्ही हात टकलावर घासले.

आता डोकंही पेटलं.

ताकात हात घालून, डोक्यावर ओलं फडकं ठेवून बसलेल्या माणसाला विचार करण्यावाचून दुसरं काम नसतं. समोर भोकरदनचा रस्ता दिसत होता. त्या भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली आहे. तिच्या जातकुळीतली दुसरी मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईच्या राखेतून निघाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखाचं नातं सातासमुद्रापार पोचलं होतं. त्या काळी इथे मिरी होती, मिरची नव्हती. मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. तेव्हाच्या कारागिरांना हस्तिदंतावर एवढं बारीक काम कसं जमलं, याचं उत्तर मला त्या क्षणी सापडलं. त्यांच्या बोटांची आग होत नव्हती.

एवढ्यात हाक आली. वाणाची वेळ झाली होती.

पाटावर बसलो. समोर रांगोळी, तबकात दिवा, भावकीतल्या बायका दाटीवाटीने उभ्या. मामी औक्षण करू लागल्या. दिव्याची ज्योत तोंडापुढून फिरली आणि तिची ऊब लागताच गाल, कपाळ, पापण्या, जिथे जिथे मी घाम पुसताना हात फिरवला होता ती प्रत्येक जागा नव्याने जागी झाली. डोळ्यांतून धारा लागल्या. पुसायला हात उचलावा तर हातालाच मिरची. तेव्हा मी हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून, नुसता रडत राहिलो. मामींनी अनारशांचं ताट हातात दिलं, ताट तळणीतून काढलेल्या अनारशांनी कोमट झालेलं होतं, आणि माझ्या तोंडून एक हुंदका फुटला.

बायकांत कुजबुज झाली. एक चुलत सासूबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “जावई लई हळवे हायेत वं. आजकाल कुठं असे मिळतेत.” त्यांनी मला वेगळं पाकीट दिलं. त्या क्षणाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो, दर दिवाळीला कोणीतरी तो पुन्हा टाकतं आणि खाली हात जोडल्याची चिन्हं येतात. पाकीट मी परत केलेलं नाही.

सुटका झाली ती दिवस कलल्यावर, रानातून तोडणीच्या बाया परत आल्या तेव्हा. ओसरीपुढे पोती वजनाला लागली. त्यांतल्या एक मावशी, सकाळपासून शेकड्यांनी मिरच्या तोडून आलेल्या, माझ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, चिंध्या तेलाने मेणचटलेल्या. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, नखं पाहिली आणि मामींना विचारलं, “त्याल न्हाई लावलं व्हय?”

मामी म्हणाल्या, “त्यांना माहीत होतं समदं.”

मावशींनी ओंजळीत गोडं तेल ओतलं आणि बोटंन् बोट चोळायला लावलं, नखांच्या खाली काडीने तेल घातलं. मग ज्वारीचं कोरडं पीठ. तेल पिठात भिजून लोळ्या झाल्या त्या झटकल्या. मग भांड्याचा साबण आणि गार पाणी. “ऊन पानी न्हाई, बरं का.” पुन्हा तेल, पुन्हा पीठ, पुन्हा साबण. दिवेलागणीपर्यंत आग निम्म्यावर आली आणि रात्री मला चमचा धरता आला.

पुण्याला आल्यावर मी वाचायला बसलो. हात बरे झाले की माणूस वाचतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्याने ते धुतलं जात नाही, फक्त फिरतं. तेलाने ते कातडीपासून सुटतं, पण ते तेल तसंच ठेवलं तर तिखटासकट पसरतं, म्हणून पिठाने टिपून साबणाने काढायचं. पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास या दुखण्याला ‘हुनान हँड’ असं नाव दिलं, चीनच्या हुनान प्रांतातल्या झणझणीत स्वयंपाकावरून. अमेरिकेत १९८७ मध्ये संशोधकांनी मिरची लागलेले हात गार पाण्यात आणि खाद्यतेलात बुडवून तुलनाही केली. टिकाऊ आराम तेलाने पडतो असं निघालं. मावशींनी तो निबंध वाचलेला नव्हता.

आणखी तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, डेव्हिड ज्युलियस यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर. ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधून काढलं होतं, की आपल्या मज्जातंतूंवर एक दार असतं. तापमान त्रेचाळीस अंशांच्या आसपास गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजलं’ अशी वर्दी जाते. कॅप्सेसिन तेच दार उष्णतेशिवाय उघडतं. म्हणजे माझे हात भाजलेले नव्हतेच, मेंदूला खोटी वर्दी जात होती. आणि त्या किलकिल्या दारावर कढत पाणी किंवा निरांजनाची ऊब आली की ते सताड उघडायचं. जालन्यात भर उन्हाळ्यात पारा तसाही चाळिशीच्या आसपास घुटमळतो. तिथे ते दार मिटायचं तरी कधी?

ज्युलियस यांची एक गोष्ट मला फार भावली. सुपरमार्केटात तिखट सॉसच्या बाटल्यांपुढे उभे असताना ते बायकोला म्हणाले, की हे तिखट लागतं कसं याचा छडा आता लावायलाच हवा. त्यांची बायकोही शास्त्रज्ञ, तिने मग लागा कामाला असं सांगितलं. माझ्या बायकोने ही बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, “त्यांना मिरचीनं नोबेल मिळालं. तुम्हाला पाकीट.”

आता जाणकारपणे चार शब्द. डोळ्यात गेलं तर चोळू नका, भरपूर गार पाणी मारत राहा आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. तेलाचा इलाज हातांचा आहे, डोळ्यात तेल घालू नका. हातावर जखम असेल, फोड आले असतील, तर घरचे प्रयोग बंद. ज्यांना मिरची रोज हाताळावी लागते त्यांनी नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

२०२६ चा अधिक महिनाही ज्येष्ठातच आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन तोड्यात. धोंडे जेवायला जाणाऱ्या जावयांनी नखं कापून जावं, लेन्स घरी ठेवून चष्मा लावावा, आणि कोणी तेलाची वाटी पुढे केलीच तर मिरचीत काय असतं हे त्या माउलीला न समजावता तीत मुकाट्याने बोटं बुडवावीत.